सेन्सॉरचं प्रमाणपत्र हातात असूनही माहितीपटाचा शो का थांबतो?

२० जानेवारी २०२४, शनिवारची संध्याकाळ. हैदराबादच्या सैनिकपुरी भागातल्या एका कॅफेत काही सिनेप्रेमी जमले होते. पडद्यावर आनंद पटवर्धन यांचा ‘राम के नाम’ हा माहितीपट सुरू होता. अयोध्येत प्राणप्रतिष्ठेचा सोहळा दोन दिवसांवर आला होता, आणि हा माहितीपट बाबरी मशीद पाडली जाण्याआधीच्या राम जन्मभूमी आंदोलनावरचा.

शो सुरू असतानाच काही जण आत शिरले. त्यांनी आक्षेप घेतला, पोलीस आले आणि पडदा काळा झाला. पोलिसांनी तिघांना अटक केली. धार्मिक भावना दुखावणं आणि सार्वजनिक उपद्रव अशी कलमं लावून गुन्हा दाखल झाला.

या माहितीपटावर बंदी आहे का? नाही. सेन्सॉर बोर्डानं त्याला ‘यू’ प्रमाणपत्र दिलेलं आहे, म्हणजे तो कुणीही, अगदी लहान मुलांनीही पाहावा असा. त्याला राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाला आहे. यूट्यूबवर तो अनेक वर्षांपासून उपलब्ध आहे.

मग शो थांबला कसा? चळवळीच्या अंगानं बनवलेला स्वतंत्र माहितीपट चारचौघांत दाखवायचा म्हटलं तर वाटेत नेमके कोणते अडथळे येतात, ते एकेक करून पाहूया.

पहिला अडथळा: प्रमाणपत्र

भारतात चित्रपट सार्वजनिकरीत्या दाखवायचा असेल, तर १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचं, म्हणजे बोलीभाषेतल्या सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं. शंभर कोटींचा सिनेमा असो की दोघांनी मिळून केलेला चाळीस मिनिटांचा माहितीपट, नियम एकच. तिकीट लावलंय की शो फुकट आहे, यानंही फरक पडत नाही.

या कायद्यात ‘जागा’ या शब्दाची व्याख्या भलतीच ऐसपैस आहे. त्यात घर येतं, इमारत येते, तंबू येतो; इतकंच काय, जमिनीवरचं, समुद्रातलं किंवा हवेतलं वाहनही येतं. मात्र खासगी पाहणं कुठे संपतं आणि सार्वजनिक प्रदर्शन कुठे सुरू होतं, याची स्पष्ट रेषा कायद्यात आखलेली नाही. मित्रांच्या दिवाणखान्यातला शो खासगी मानला जाईल. पण तोच शो सोसायटीच्या हॉलमध्ये, व्हॉट्सॲपवर निमंत्रण फिरवून केला तर? उत्तर बरेचदा समोरच्या अधिकाऱ्यावर अवलंबून असतं.

प्रमाणपत्राशिवाय शो केला तर तीन वर्षांपर्यंतची कैद आणि एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे. चित्रपटाची प्रत जप्त करण्याचा अधिकारही पोलिसांना आहे. २००७ मध्ये मुंबईत संजय काक यांच्या काश्मीरवरच्या ‘जश्न-ए-आझादी’चा शो पोलिसांनी थांबवला, तेव्हा प्रमाणपत्र नसल्याचंच कारण देण्यात आलं होतं.

मग प्रमाणपत्र घेऊन का टाकत नाहीत? काही जण घेतात, काही जण तत्त्व म्हणून घेत नाहीत, आणि काहींना त्यातला वेळ आणि खर्च परवडत नाही. अर्ज, शुल्क, संवादांची लेखी प्रत, समितीसमोर शो, मग काटछाटीच्या सूचना, त्या मान्य नसतील तर फेरविचार, अशी ही साखळी आहे. पटवर्धन यांच्या ‘वॉर अँड पीस’ (जंग और अमन) या अण्वस्त्रांच्या स्पर्धेवरच्या माहितीपटाला मंडळानं २१ काटछाटी सुचवल्या होत्या. मुंबई उच्च न्यायालयानं २००३ मध्ये तो एकही कट न लावता मोकळा केला. २०१७ मध्ये अमर्त्य सेन यांच्यावरच्या ‘द आर्ग्युमेंटेटिव्ह इंडियन’ या माहितीपटातून ‘गुजरात’ आणि ‘गाय’ यांसारखे शब्द बीप करायला सांगितल्यावर बराच वाद झाला होता.

पूर्वी मंडळाचा निर्णय पटला नाही, तर चित्रपट प्रमाणन अपील न्यायाधिकरणाकडे जाता यायचं. तुलनेनं स्वस्त आणि जलद असा हा मार्ग होता. २०२१ मध्ये हे न्यायाधिकरण बरखास्त झालं. आता थेट उच्च न्यायालय गाठावं लागतं. मोठ्या निर्मात्याला हा वकिलाचा खर्च झेपतो. ज्यानं मित्रांकडून उसने पैसे घेऊन फिल्म पूर्ण केली आहे, त्याचं काय?

आणखी एक अडचण माहितीपटांची खास आहे. प्रमाणपत्र मिळाल्यावर चित्रपटात बदल केला, तर तोही मंडळाला कळवून मंजूर करून घ्यावा लागतो. खटला, आंदोलन किंवा विस्थापन यांसारख्या चालू विषयावरची फिल्म मात्र सतत बदलत असते. निकाल लागला की शेवटी चार ओळी जोडाव्या लागतात, आणि त्या चार ओळींसाठी पुन्हा कागदपत्रं आली.

महोत्सवात सूट मिळते ना?

मिळते, पण सरकारनं दिली तर. कायद्याच्या कलम ९ नुसार केंद्र सरकार एखाद्या प्रदर्शनाला प्रमाणपत्राच्या अटीतून सूट देऊ शकतं. त्यासाठी आयोजकांना माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडे आधीच चित्रपटांची यादी आणि तपशील पाठवावे लागतात. प्रेक्षकही नोंदणी केलेले प्रतिनिधीच असावे लागतात.

केरळमधल्या आंतरराष्ट्रीय माहितीपट आणि लघुपट महोत्सवात या सुटीची दुसरी बाजू दिसली. २०१७ मध्ये मंत्रालयानं तीन माहितीपटांना सूट नाकारली. त्यांचे विषय होते रोहित वेमुला प्रकरण, काश्मीर आणि जेएनयूमधलं आंदोलन. २०१९ मध्ये पटवर्धन यांच्या ‘विवेक’ला सूट मिळाली नाही. नरेंद्र दाभोलकर, गोविंद पानसरे, एम. एम. कलबुर्गी आणि गौरी लंकेश यांच्या हत्यांचा मागोवा घेणाऱ्या या माहितीपटाला २०१८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रतिष्ठित ‘इडफा’ महोत्सवात सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा पुरस्कार मिळाला होता. शेवटी केरळ उच्च न्यायालयानं परवानगी दिली आणि जून २०१९ मध्ये तो महोत्सवात दाखवला गेला.

महाराष्ट्रालाही हा वाद नवा नाही. मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या २००४ च्या आवृत्तीसाठी भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्र सक्तीचं करण्याचा प्रयत्न झाला. देशभरातले माहितीपटकार एकत्र आल्यावर ती अट मागे घेतली गेली. पण सरकारवर टीका करणाऱ्या अनेक फिल्म निवडीतच गळाल्या, असा या मंडळींचा आरोप होता. त्यातून ‘विकल्प’ हा समांतर महोत्सव मुंबईतच उभा राहिला.

मोबाइलवर चालतं, मग हॉलमध्ये का नाही?

हा प्रश्न अनेकांना पडतो. यूट्यूब आणि ओटीटीवरच्या मजकुराला सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागत नाही. त्यासाठी २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम आहेत. त्यामुळे एकच फिल्म पन्नास जणांनी आपापल्या घरी, आपापल्या मोबाइलवर पाहिली तर सेन्सॉरचा प्रश्न येत नाही. तेच पन्नास जण एका चादरीसमोर सतरंजीवर बसून एकत्र पाहू लागले, की ते ‘प्रदर्शन’ ठरू शकतं.

तरीही लोक एकत्र बसून पाहण्याचा आग्रह का धरतात? चळवळीतल्या माहितीपटाचं अर्धं काम शो संपल्यावर सुरू होतं. दिवे लागतात, कुणीतरी उठून प्रश्न विचारतं, कुणीतरी चिडून विरोध करतं, ज्यांच्यावर फिल्म आहे त्यांच्यातलं कुणी बोलायला उभं राहतं. असा वाद मोबाइलच्या पडद्यावर घडत नाही. आणि आक्षेप घेणाऱ्यांचा रोखही बहुतेक वेळा या जमण्यावरच असतो.

सर्वांत कच्चा दुवा: जागा

प्रमाणपत्र आहे किंवा सूट मिळाली आहे, असं समजू. पुढचा प्रश्न: दाखवायचं कुठे?

चित्रपटगृहं अशा फिल्मना सहसा मिळत नाहीत. भाडं परवडत नाही आणि ठरावीक प्रेक्षकसंख्येची हमी देता येत नाही. म्हणून शो होतात ते ग्रंथालयाच्या सभागृहात, पत्रकार भवनात, ट्रस्टच्या हॉलमध्ये, कॉलेजात, कॅफेत किंवा वस्तीतल्या समाजमंदिरात. या जागा चालवणाऱ्यांचा फिल्मशी काहीच संबंध नसतो. त्यांना महिनाभर लग्नाचे मुहूर्त, व्याख्यानं आणि वाढदिवस सांभाळायचे असतात.

अशा व्यवस्थापकाला शोच्या आदल्या दिवशी फोन येतो. कधी एखाद्या संघटनेचा, कधी स्थानिक पुढाऱ्याचा, तर कधी पोलीस ठाण्यातून ‘सहज चौकशी’. कुणी धमकी देतंच असं नाही. ‘उद्या काही झालं तर जबाबदारी तुमची’ एवढं वाक्य पुरतं. मग आयोजकांना निरोप मिळतो: हॉलची दुरुस्ती निघाली आहे, बुकिंगमध्ये गोंधळ झाला आहे, ट्रस्टींनी परवानगी दिली नाही.

कुठेही लेखी आदेश नसतो. फिल्मवर बंदी आलेली नसते, त्यामुळे कोर्टात आव्हान देण्यासारखं काही हातात राहत नाही. आणि व्यवस्थापकाला दोष देणंही सोपं नाही. खुर्च्या मोडल्या, काचा फुटल्या, तर नुकसान त्याचं. हैदराबादच्या प्रकरणात शो सुरू होता तो एका कॅफेत, हे ध्यानात घेतलं की पुढच्या वेळी दुसरा कॅफेवाला ‘हो’ म्हणण्याआधी काय विचार करेल, ते कळतं.

पोलिसांची भूमिका काय असते?

महाराष्ट्रात सार्वजनिक करमणुकीच्या कार्यक्रमांसाठी महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३३ खालच्या नियमांनुसार परवाना लागू शकतो. चर्चासत्राचा भाग म्हणून दाखवलेला माहितीपट ‘करमणूक’ ठरतो का, यावर पोलीस ठाण्यात वाद घालायची आयोजकांची तयारी असावी लागते. शिवाय याच कायद्याच्या कलम ३७ खालचे जमावबंदीचे आदेश शहरांमध्ये वेळोवेळी निघत असतात. सण, निवडणुका, मोर्चे अशी कारणं असतात आणि आदेश साधारण पंधरा दिवसांचे असतात. शोची तारीख त्यात सापडली की अडचण वाढते.

याखेरीज नोटीस हा प्रकार आहे. दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून पोलीस आधीच नोटीस देऊ शकतात. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ खाली यायची, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ खाली येते. तिचा मथितार्थ असा असतो की, कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण झाल्यास तुम्हाला जबाबदार धरलं जाईल. म्हणजे गोंधळ बाहेरच्यांनी घातला, तरी नोटीस आयोजकांच्या हातात.

पोलिसांची बाजूही समजून घ्यायला हवी. एखाद्या संवेदनशील आठवड्यात ठाण्यात मोजकं मनुष्यबळ असतं. पन्नास लोकांच्या शोला संरक्षण देण्यापेक्षा तो रद्द करून घेणं सोपं आणि बिनखर्चाचं असतं. दंगल झाली तर चौकशी पोलिसांची होते. शो रद्द झाला तर कुणाचीच होत नाही.

वस्तीत शो करायचा तर?

हॉल नको, वस्तीतच पडदा लावू, असं अनेक कार्यकर्ते ठरवतात. पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) मुंबईतल्या आणि राज्यातल्या वस्त्यांमध्ये असाच पोहोचला. १९९७ मध्ये घाटकोपरच्या रमाबाई नगरात झालेल्या पोलीस गोळीबारात दहा जणांचा जीव गेला. त्यानंतर लोकशाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. तिथून सुरू होणारी ही फिल्म १४ वर्षं चित्रित होत होती. तिचा खरा प्रेक्षक याच वस्त्यांमध्ये आहे.

पण उघड्यावरच्या शोचं गणित घड्याळाशी बांधलेलं असतं. अंधार पडल्याशिवाय पडद्यावर चित्र दिसत नाही. उन्हाळ्यात मुंबईत सात वाजून गेल्यावर सूर्य मावळतो. लोक कामावरून येऊन, जेवून बसेपर्यंत आठ वाजतात. आणि २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० नंतर उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. म्हणजे हातात दोन तास. ‘जय भीम कॉम्रेड’ तीन तासांच्या आसपासचा आहे, चर्चा वेगळी. वर्षातले १५ दिवस राज्याला मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते, पण ते दिवस प्रामुख्यानं गणेशोत्सव आणि नवरात्रीसारख्या सणांसाठी राखलेले असतात.

परिणाम असा की लांब फिल्म दोन रात्रींत विभागून दाखवावी लागते, किंवा आवाज कमी करून मागच्या रांगांना फक्त चित्र बघायला लावावं लागतं. याला सेन्सॉरशिप म्हणता येणार नाही. हा नियम सगळ्यांसाठी आहे आणि आजारी माणसं, शाळकरी मुलं यांच्यासाठी तो गरजेचाही आहे. फक्त ज्यांच्याकडे बंद सभागृह नाही, त्यांना तो जास्त जाचतो.

कॅम्पसमध्ये काय होतं?

पूर्वी विद्यापीठाचं आवार हा अशा फिल्मचा हक्काचा आधार होता. आता तिथेही चित्र बदललं आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये दिल्लीच्या किरोडीमल कॉलेजात नकुल सिंग साहनी यांच्या ‘मुझफ्फरनगर बाकी है’चा शो बंद पाडण्यात आला. जानेवारी २०२३ मध्ये बीबीसीच्या ‘इंडिया: द मोदी क्वेश्चन’चा शो जेएनयूत ठरला, तेव्हा ऐन वेळी वीज गेली. विद्यार्थ्यांनी मग मोबाइल आणि लॅपटॉपवर तो पाहिला.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतलं प्रकरण शोच्याही पुढे गेलं. एप्रिल २०२४ मध्ये संस्थेनं एका दलित पीएचडी विद्यार्थ्याला दोन वर्षांसाठी निलंबित केलं. दिल्लीतल्या मोर्चात सहभाग हा त्याच्यावरचा एक आक्षेप होता. दुसरा आक्षेप होता ‘राम के नाम’ पाहण्याचं आवाहन करणाऱ्या समाजमाध्यमावरच्या पोस्टचा. मुंबई उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये त्याची याचिका फेटाळली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निलंबनाचा काळ कमी करून त्याला पीएचडी पूर्ण करण्याची वाट मोकळी केली. तोवर त्याचं एक वर्ष गेलं होतं.

न्यायालयं काय म्हणतात?

कागदावर न्यायालयांची भूमिका बरीच स्पष्ट आहे. चित्रपटांना आधीच प्रमाणपत्र लागणं घटनेला धरून आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७० मध्ये के. ए. अब्बास प्रकरणात सांगितलं. तो खटलाही एका छोट्या माहितीपटाचाच होता. मुंबईतल्या वेश्यावस्तीची दृश्यं असलेल्या ‘चार शहर एक कहानी’चा. पण एकदा प्रमाणपत्र मिळालं, की निदर्शनांची किंवा हिंसेची धमकी हे शो रोखण्याचं कारण होऊ शकत नाही, असं १९८९ च्या एस. रंगराजन प्रकरणात ठरलं. धमकी देणाऱ्यांना आवरणं हे सरकारचं काम आहे, हा त्या निकालाचा गाभा.

२०१९ मध्ये ‘भविष्यतेर भूत’ हा बंगाली चित्रपट एका दिवसात चित्रपटगृहांतून उतरवला गेला. सर्वोच्च न्यायालयानं पश्चिम बंगाल सरकारला २० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. वेगवेगळ्या पक्षांची सरकारं या बाबतीत सारखीच वागू शकतात, हेही त्यातून दिसलं.

मग अडतं कुठे? वेळेत. पटवर्धन यांचा ‘फादर, सन अँड होली वॉर’ १९९५ चा. तो दूरदर्शननं दाखवावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला ऑगस्ट २००६ मध्ये. अकरा वर्षांनी मिळालेला विजयही विजयच असतो. पण शो एका संध्याकाळचा असतो. शनिवारी सातला थांबलेल्या शोसाठी सोमवारी कोर्टात गेलं, तरी ती संध्याकाळ परत येत नाही. जमलेले लोक पांगलेले असतात, हॉलचं भाडं गेलेलं असतं आणि पुढचा हॉल मिळणं आणखी अवघड झालेलं असतं.

तरीही शो होतात, ते कसे?

काही मार्ग आयोजकांनी अनुभवातून शोधले आहेत. २००४ मध्ये राकेश शर्मा यांच्या गुजरात दंगलींवरच्या ‘फायनल सोल्यूशन’ला सेन्सॉर बोर्डानं आधी प्रमाणपत्र नाकारलं. तेव्हा त्यांनी प्रती मोफत वाटल्या, अट एकच: घेणाऱ्यानं आणखी प्रती काढून पुढे द्यायच्या. त्याच वर्षाच्या अखेरीस फिल्मला प्रमाणपत्र मिळालं. २००६ मध्ये गोरखपूरला सुरू झालेल्या ‘प्रतिरोध का सिनेमा’नं कंपन्यांचं प्रायोजकत्व न घेता प्रेक्षकांच्या वर्गणीवर गावोगावी महोत्सव भरवले. किरोडीमल कॉलेजातला शो बंद पडल्यावर तर काही आठवड्यांत देशभरात अनेक ठिकाणी एकाच दिवशी ‘मुझफ्फरनगर बाकी है’ दाखवला गेला. एक हॉल बंद करता येतो, पन्नास खोल्या बंद करणं अवघड.

स्थानिक पातळीवर आयोजक साध्या गोष्टी पाळतात. प्रमाणपत्र असेल तर त्याची प्रत सोबत ठेवतात. पोलिसांना लेखी कळवून पोच घेतात. हॉलमालकाला फिल्मचा विषय आधीच सांगतात, म्हणजे ऐन वेळी त्याला धक्का बसत नाही. पर्यायी जागा आणि ओळखीचा वकील तयार ठेवतात. तरीही हमी कशाचीच नसते. हैदराबादेतल्या शोमध्ये प्रमाणपत्र असलेलीच फिल्म दाखवली जात होती.

मग प्रश्न कुठे आहे?

२०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात मोठे बदल झाले. वयानुसार नवे गट आले, प्रमाणपत्राची मुदत कायमची झाली, पायरसीविरुद्धची कलमं कडक झाली. पण तिकीट न लावता, शे-पन्नास लोकांसाठी होणाऱ्या शोचा वेगळा विचार त्यात झाला नाही. अशा शोसाठी सोपी नोंदणी असावी, आणि थांबवायचा असेल तर कारणासह लेखी आदेश देणं बंधनकारक व्हावं, एवढ्यानंही बराच फरक पडेल. लेखी आदेश असला की त्याला आव्हान देता येतं. फोनवरच्या सूचनेला देता येत नाही.

तोवर २००७ ची मुंबई आणि २०२४ चं हैदराबाद ही दोन उदाहरणं शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. पहिल्या वेळी प्रमाणपत्र नव्हतं म्हणून शो थांबला, दुसऱ्या वेळी प्रमाणपत्र असूनही थांबला. दोन्ही वेळा शो होणार की नाही, हे शेवटी ठरलं ते जागेवर, त्या संध्याकाळी.